साठ काड्या, एक चाकू

हिरवे ऊन कुणी पाहिले आहे? खाडीकाठच्या त्या टेकडीवर, कलमांच्या मंडपात, ते रोज सकाळी उतरत असे. वर ताणलेल्या हिरव्या जाळीतून आषाढाचा मेघमलिन प्रकाश गाळून येई आणि खाली येता येता शेवाळवर्णी होई. त्या प्रकाशात माणसांचे चेहरे हिरवे, हात हिरवे, डोक्यावरून घेतलेले पदर हिरवे. तांबडी असत ती फक्त कोयींतून नुकती वर आलेली आंब्याची रोपे.

पंधरा दिवसांची रोपे ती. ताम्रपर्णी, कोमलकाय, रांगेमागून रांग धरून उभी. रात्रभर कोसळलेला पाऊस आता थांबला होता, पण जाळीवरून त्याचे थेंब अजून ठिबकत होते. खाली खाडीचे गढूळ पाणी काठाला अंग घाशीत मुकाट चालले होते. सारे कसे शांत, सारे कसे स्निग्ध. इतके शांत की रागावलेल्या माणसाला त्याचाच आणखी राग यावा.

सुगंधाला तो आलाच होता.

सुगंधा राऊळ चाळिशी ओलांडलेली, काटक अंगाची, कमी बोलणारी बाई. साडीवरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला, तिथल्या साऱ्या बायका कामावर चढवतात तसा. शर्टाला छातीवर खिसा, आणि खिशाला क्लिपने अडकवलेला घडीचा चाकू. मंडपातल्या पहिल्या बाकावर बसणारी ती पहिलीच बाई होती. तिच्याआधी त्या बाकावर फक्त पुरुष बसले, आणि त्यांतला शेवटचा तिचा नवरा.

चाकू मात्र नवऱ्याचा नव्हता. तिचा होता, तिचा एकटीचा. गेल्या हंगामात तिच्या हातची शंभरातली ब्याण्णव कलमे जगली, तेव्हा रोपवाटिकेच्या तुळसकर साहेबांनी तो मुद्दाम मागवून, साऱ्यांसमोर तिला दिला. इवलेसे सरळ पाते, शिसवी मूठ, मुठीच्या पाठीवर पोलादाची चिंचोळी क्लिप. कालपर्यंत ती क्लिप खिशाच्या काठावर अलगद बसत होती आणि बोट लावताच अलगद सुटत होती.

आज सुटत नव्हती.

आणि नेमक्या आजच, बाकावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या साठ काड्या होत्या. चार दिवसांपूर्वीच्या वादळात खाडीवरचा जुना आंबा मुळासकट आडवा झाला. कुणी लावला ठाऊक नाही, जात कुठली ठाऊक नाही. फळ लहान, साल जाड, पण रस असा की ज्याने एकदा चाखला त्याने बाकीच्या आंब्यांना नावे ठेवावीत. असे झाड पंचक्रोशीत दुसरे नव्हते. पडलेल्या देहाची एकच फांदी अजून हिरवी होती, आणि तिच्यावरून मोजून साठ काड्या निघाल्या.

तुळसकरांनी त्या स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवल्या होत्या.

"सुगंधाबाई, साठ आहेत. एकसष्टावी नाही. आणि उद्यापर्यंत या टिकायच्या नाहीत."

एवढेच बोलून ते मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या टेबलाकडे गेले. तिने मान हलवली. एका झाडाचे उरलेले सारे आयुष्य त्या ओल्या गोणपाटात निजले होते, आणि ते तिच्या दहा बोटांवर सोपवून माणूस निघून गेला होता.

कलम बांधणे हे घाईचे काम, पण घाई दिसता कामा नये असे. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, देठ मधोमध चिरायचा. काडीचे टोक दोन्ही अंगांनी तासून त्याची पाचर करायची. पाचर चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची; नाही भिडली तर पुन्हा चाकू काढून जराशी तासायची. मग दोन्ही हातांनी प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. दोन्ही हात लागतात म्हणून चाकू मिटून खिशाला. बाकावर नाही, कारण बाकावर ओली माती. मातीत बुरशी, आणि बुरशी पात्याला लागली की कलम आतून कुजते. हा मंडपाचा नियम होता. चाकू जमिनीला टेकला तर आधी टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्यावर पाते धरायचे आणि मगच पुढचे कलम, हाही नियमच होता.

पहिले कलम झाले. चाकू मिटला, खिशाला लावला. दुसऱ्यासाठी ओढला तर निघेना. क्लिपने खिशाचा काठ असा धरला होता, जसे तान्हे मूल मुठीत केस धरते. तिने हिसका दिला. चाकू निघाला, पण हिसक्याने कोपर हलले, आणि डाव्या हातातली तासायला धरलेली काडी बाकाच्या काठावर आपटून डोळ्यापाशीच, कोंब फुटतो तिथेच, मोडली.

एक गेली.

तिसऱ्याला जपून ओढला. दोन बोटांनी खिसा धरायचा, दोन बोटांनी मूठ, मग हळूहळू उपसायचे. आणि तोवर उघडी चिरलेली साल सुकत चाललेली. चौथ्याला वेळ लागला, पाचव्याला त्याहून जास्त. सहाव्या काडीची तासलेली पाचर तिच्या डोळ्यांदेखत तपकिरी पडली.

दोन गेल्या.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, हे त्या हिरव्या, ओल्या, गारगार मंडपात तिला नीट कळले. आग तळपायातून निघाली, पोटऱ्यांतून चढली, कंबरेत क्षणभर थांबली आणि मग एकदम वर गेली. घट्ट! कशाला हवी इतकी घट्ट? कुणी सांगितले होते? आठव्या काडीच्या वेळी तिने दात खाऊन ओढले, तेव्हा चाकूबरोबर खिशाचा कोपराही टरकन उसवून आला. हातातली काडी खाली मातीत पडली. मातीतली काडी पुन्हा वापरत नाहीत.

तीन.

शेजारच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसले. "बायांच्या खिशाक असली हत्यारां सोसनत नाय," असेही कुणीतरी म्हणाले. तिने वळून पाहिले नाही. पाहिले असते तर हातात उघडा चाकू होता.

ती उठली. काड्यांवर गोणपाट नीट पांघरले, वर पाणी शिंपडले आणि मंडपाच्या कडेला, जिथे जाळी संपून खरे ऊन लागते तिथे, चाकू घेऊन उभी राहिली. खऱ्या उजेडात तिने मूठ उलटी केली. क्लिप पाहिली.

क्लिपच्या पाठीवर ओरखडे होते. नवे, चकचकीत, एकमेकांना समांतर. चार ओरखडे, मग एक जागा रिकामी, मग पुन्हा दोन. पक्कडीचे दात. आणि अशी एक दात तुटलेली पक्कड साऱ्या गावात एकाच घरी होती. तिच्या.

आता तिला काल संध्याकाळ आठवली. नवऱ्याने, दिगंबरने, चाकू मागितला होता, धार लावून देतो म्हणून. पडवीत कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून तो तासभर बसला होता. धार त्याने लावली होती, आणि तिच्या तोंडून खोटे निघणार नाही, अप्रतिम लावली होती. केस ठेवावा आणि तुटावा अशी. नंतर तो पडवीतून उठून आत गेला, पुन्हा बाहेर आला, आणि चाकू फडक्यात गुंडाळून तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवला. एक शब्द बोलला नाही.

दिगंबर राऊळ मंडपाच्या पलीकडे पिशव्या भरीत बसला होता. शेणखत, लाल माती, वाळू. ओंजळ, ओंजळ, ओंजळ. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या रांगा त्याच्याभोवती वाढत होत्या. तीन वर्षे तो हेच करीत होता. एके काळी त्याच्या हातचे कलम लांबूनच ओळखू येई, आणि आता तो रोपाला हातही लावीत नसे. डोळ्यांना बारीक दिसत नाही, असे त्याने सगळ्यांना सांगितले होते. सगळ्यांनी ते मानले होते.

सुगंधा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिची सावली त्याच्या ओंजळीवर पडली.

"माझ्या चाकवाक पक्कड कित्याक लावलात?"

त्याने वर पाहिले नाही. "ढिली होती क्लिप. वाकलंस की चाकू पडतलो. पडात म्हणान जरा दाबलंय."

"तुमचो पडलो, म्हणान माझोय पडतलो?"

ओंजळ थांबली. लाल माती बोटांच्या फटींतून सांडत राहिली. तीन वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारले नव्हते. चुलीपुढे नाही, अंथरुणावर नाही, भांडणातसुद्धा नाही. ते वाक्य घराच्या आढ्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लटकून होते, आणि दोघेही त्याच्याखालून मान वाकवून ये-जा करीत होते.

काय झाले होते ते तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. कारण तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर होती, आणि तिने पाहिले होते. दिगंबरपुढे चारशे रोपे, शेजारी चार गडी, गप्पांना ऊत आलेला. त्याच्या खिशातून चाकू निसटला, खाली चिखलात पडला. त्याने इकडेतिकडे पाहिले. चाकू उचलला, मांडीवर पँटला पुसला, आणि पुढचे कलम बांधले. मग त्याच्या पुढचे. मग त्याच्याही पुढचे.

बाराव्या दिवशी चारशेच्या चारशे शेंडे काळे पडले. सकाळी मंडपात शिरताच वास आला होता. दोष काड्यांवर गेला. काड्याच रोगट होत्या असे ठरले. दिगंबर गप्प बसला. आणि सुगंधा? सुगंधाही गप्प बसली. नवऱ्याची अब्रू झाकली म्हणून गावाने तिला नावाजले असते, पण गावाला काही कळलेच नाही. तिला मात्र स्वतःच्या त्या गप्प बसण्याची चीड तीन वर्षे आली, रोज आली, पहिल्या बाकावर बसताना तर अधिकच आली.

ती सारी चीड आता तिच्या जिभेवर होती.

"चाकू पडलो म्हणान कलमां नाय मेली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पडलेलो चाकू पुसून तुमी परत चालवलात, म्हणान मेली."

दिगंबरचा चेहरा उतरला. मग तो अगदी हळू बोलला. "चार जण बघीत होते गो."

"मगे? बघूंदेत."

त्याने माती झटकून हात पुढे केला. "हडे दी. सैल करून दितंय."

"नको. माझां मी करतलंय."

दया यावी असा तो दिसत होता, आणि तिला दया आली नाही. त्याने काळजीपोटी केले होते, हे तिला कळत होते. कळत होते म्हणूनच संताप होत होता. वैऱ्याने केले असते तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण याने आपली भीती संध्याकाळी पक्कडीत धरली, तिच्या पोलादात दाबून बसवली, आणि सकाळी तिला न सांगता तिच्या छातीशी अडकवून दिली. ती भीती त्याची होती. तिने का म्हणून वागवावी?

ती तिथेच, मंडपाच्या कडेला, उकिडवी बसली. पक्कड जवळ नव्हती, आणि असती तरी तिने वापरली नसती. क्लिपचे पोलाद ताठ जातीचे, एकदम उचकटले तर कट्कन तुटणारे. राग अंगभर धगधगत होता आणि काम रेशमाच्या गाठीचे होते. रागाने हात थरथरले असते तर चाकू कायमचा गेला असता. तिने एक लांब श्वास घेतला. राग गेला नाही, फक्त हातांतून बाहेर पडून पाठीत जाऊन बसला.

छाटणीच्या ढिगातली सुकलेली आंब्याची काडी तिने उचलली. तिला तीच विद्या येत होती, म्हणून तिने तीच वापरली. काडीचे टोक दोन्ही अंगांनी तासले, एकसारखे, नितळ, पातळ. कलमाला करतात तशी पाचर केली. चाकू मिटला. क्लिपच्या टोकाखाली पाचरीचा कोवळा पातळ काठ सरकवला. केसभर आत. थांबली. अंगठ्याने अजून केसभर. थांबली.

पोलाद कुरकुरले. पोलादालाही हट्ट असतो, आणि हट्टी माणसाप्रमाणेच तेही ढकलून हलत नाही, टेकून राहिले की हळूहळू ऐकते. तिने पाचर तशीच राहू दिली. जाळीवरून एक थेंब पडला, दुसरा पडला. पाठीमागे पिशव्या भरण्याचा आवाज येत नव्हता.

तिने पाचर काढली, क्लिप शर्टाच्या काठावर सरकवून पाहिली. अजून घट्ट. पुन्हा पाचर, या वेळी जरा जाड भागापर्यंत. पुन्हा थांबणे. पुन्हा काठ. आता बोट लावताच चाकू सुटला. पण जरा जास्तच अलगद, जरा जास्तच आज्ञाधारक. तिने अंगठ्याने क्लिप मुठीकडे एकदाच, हलकेच, दाबली. मग उसवलेल्या खिशाच्या शाबूत बाजूला चाकू अडकवला, कमरेत वाकली, अंग झटकले, मान हलवली. चाकू जागचा हलला नाही. दोन बोटांनी ओढला. आला. सहज आला.

तिने दिगंबरकडे पाहिलेसुद्धा नाही. ती पहिल्या बाकाकडे गेली.

मग त्या हिरव्या प्रकाशात तिचे हात चालू लागले. उघडणे, चिरणे, तासणे. मिटणे, अडकवणे, बांधणे. उघडणे, चिरणे, तासणे. ताम्रपर्णी रोपांचे शेंडे पडत होते आणि त्यांच्या जागी वृद्ध वृक्षाचे डोळे बसत होते. पाठीत राग तसाच होता, ताठ, तापलेला, आणि त्याच्या आधारावरच जणू ती ताठ बसली होती. दर दहा कलमांनी ती उठून पाते दिव्यावर धरून येई. वीस झाली. तीस झाली. शेजारच्या बाकावरचे खुसखुसणे केव्हाच बंद पडले होते.

एकेचाळिसाव्या काडीला चाकू पडला.

क्लिपचा दोष नव्हता. चाकू खिशात नव्हताच, हातात होता. काडीच्या चिकाने बोटे बुळबुळीत झाली होती, मूठ फिरली, आणि इवलेसे पाते हिरव्या उजेडात एकदा चमकून थेट लाल चिखलात रुतले. मूठ वर, पाते आत.

तासलेली काडी तिच्या डाव्या हातात होती, तिची पाचर सुकू लागली होती. शेजारी चार जण होते. चौघेही पाहत होते. आणि ती वाकली तेव्हा तिच्या उजव्या हाताला आपोआप मांडीवरच्या साडीकडे जावेसे वाटले. खरोखर वाटले. हात अर्धा गेलाही. इतके सोपे होते ते, इतके जवळ होते.

हात तिथेच थांबला.

"पडलो!" ती ओरडली. "चाकू पडलो!"

आवाज असा की टोकाला तुळसकरांनी कागदातून मान वर काढली, मधल्या बाकांवरच्या बायका वळल्या, जाळीवर बसलेला कावळा उडाला. तिने हातातली काडी सगळ्यांना दिसेल अशी बाजूला टाकली. चार. चार गेल्या. मग चिखलाने माखलेला उघडा चाकू तिने खांद्याइतका उंच धरला आणि चालू लागली.

रांगांमधली पायवाट निसरडी होती. ती सावकाश चालली. लोक पाहत होते, पाहू देत. पात्यावरून लाल चिखलाचा ओघळ तिच्या मनगटावर आला, येऊ दे. तिने नळाखाली पाते धुतले, टेबलावरच्या दिव्याच्या निळ्या ज्योतीवर धरले. ओले पाते आधी चुरचुरले, मग कोरडे झाले, मग निळसर चमकले. तुळसकरांनी दिवा तिच्याकडे थोडा सरकवला.

परत येताना ती मधल्या वाटेने आली नाही. पिशव्यांच्या बाजूने आली. दिगंबर तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. तिच्या पावलांकडे पाहत होता, जणू एकेक पाऊल उचलून मोजत होता. ती त्याच्यापाशी थांबली. तिने मोजली होती. जाताना मोजली होती, तोंडातल्या तोंडात, दात आवळून.

"बावीस पावलां," ती म्हणाली. "बाकापासून दिव्यापर्यंत. बावीसच."

आणि निघून गेली. बाकावर बसली, गोणपाट उचलले, बेचाळिसावी काडी हातात घेतली. पाते उघडले.

पलीकडे दिगंबरचे हात पुन्हा चालू झाले. ओंजळ, ओंजळ, ओंजळ. पुढ्यातली पिशवी केव्हाच भरली होती. लाल माती तिच्या काळ्या काठावरून सांडत होती, त्याच्या गुडघ्यांवर, त्याच्या पावलांवर. आणि तो भरत होता, भरत होता, भरत होता.